टर्मिनलमधला रंग : निर्णय कोणाचा?

एखादा प्रोग्राम टर्मिनलवर चूक लाल अक्षरांत दाखवतो, तेव्हा त्याने लाल रंग पाठवलेला नसतो. मजकुराच्या आधी चार-पाच जादा अक्षरे पाठवलेली असतात. टर्मिनल ती गिळते आणि पुढचा मजकूर लाल काढते. तो लाल नेमका कोणत्या छटेचा असेल, हे प्रोग्रामला ठाऊक नसते. मागची पार्श्वभूमी काळी आहे की पांढरी, हेही त्याला ठाऊक नसते. पलीकडे माणूस वाचतो आहे की मजकूर फाइलमध्ये साठतो आहे, हे चौकशी करून कळते. पण माणूस असलाच, तर त्याला लाल-हिरव्यातला फरक दिसतो का, हे विचारण्याची सोय कोणत्याच मानकात नाही.

एवढ्या अनभिज्ञतेवर उभी असलेली ही व्यवस्था सत्तरच्या दशकापासून चालत आली आहे, आणि गेल्या दहा-बारा वर्षांत तिचा वापर कमी होण्याऐवजी वाढला. कंपायलर, गिट, पॅकेज मॅनेजर, चाचण्या चालवणारी साधने, सगळी आता रंगीत बोलतात. त्याबरोबर जुने वादही वर आले आहेत. कोड कसे पाठवायचे, किती रंग वापरायचे, ते कधी बंद ठेवायचे, असे प्रश्न वरवर वेगवेगळे दिसतात. माझ्या मते त्या सगळ्यांच्या तळाशी एकच प्रश्न आहे : रंगाचा निर्णय कोणाचा? प्रोग्राम लिहिणाऱ्याचा, टर्मिनल बनवणाऱ्याचा, की समोर बसून वाचणाऱ्याचा?

कागदावरून काचेवर

टर्मिनल आधी कागदाचे होते. टेलिटाइपवर ठळक अक्षर हवे असेल तर अक्षर छापायचे, एक घर मागे यायचे आणि तेच अक्षर पुन्हा त्यावर ठोकायचे. अधोरेखनासाठी खालची रेघ छापून मागे यायचे आणि तिच्यावर अक्षर छापायचे. ही युक्ती अजून मेलेली नाही. युनिक्सच्या मॅन पानांची मांडणी करणारी साधने आजही अशा दुहेरी ठोक्यांचा मजकूर काढू शकतात, आणि ‘लेस’ हा वाचक प्रोग्राम तो ओळखून पडद्यावर ठळक किंवा अधोरेखित करून दाखवतो. शैलीची माहिती मजकुराच्याच प्रवाहात मिसळून पाठवण्याची सवय या कागदी दिवसांपासूनची आहे. पुढच्या बऱ्याच अडचणींचे मूळही तिथेच आहे.

काचेचा पडदा आला तसा प्रत्येक कंपनीने आपापला संकेत काढला. डेकच्या १९७५ च्या व्हीटी५२ ची भाषा वेगळी, लिअर सीग्लरच्या १९७६ च्या एडीएम-३ए ची वेगळी. बिल जॉय यांनी व्हीआय संपादक लिहिताना यावर तोडगा काढला. कोणत्या टर्मिनलला काय सांगितले की ते काय करते, याचा कोष एका फाइलमध्ये ठेवायचा आणि प्रोग्रामने तो वाचून बोलायचे. हा टर्मकॅप. पुढे मेरी ॲन हॉर्टन यांनी त्याची जागा घेणारा टर्मइन्फो रचला, आणि आज बहुतेक युनिक्स व्यवस्थांवर तोच नांदतो.

त्याच सुमारास दुसरी वाटही तयार होत होती. कोष कशाला, सगळ्यांनी एकच भाषा बोलावी. युरोपातल्या एक्मा संस्थेचे ४८ क्रमांकाचे मानक १९७६ मध्ये आले, अमेरिकेच्या आन्सीचे १९७९ मध्ये. मधल्या १९७८ या वर्षी डेकने व्हीटी१०० बाजारात आणले आणि ते इतके चालले की त्याची भाषा हीच टर्मिनलची भाषा झाली. आन्सीने आपले मानक पुढे मागे घेतले, तरी लोक या संकेतांना ‘आन्सी कोड’च म्हणतात. व्हीटी१०० स्वतः मात्र एकरंगी होते. ठळक, अधोरेखित, लुकलुकते आणि उलटे एवढ्याच त्याच्या शैली.

रंग घराघरांत नेला तो आयबीएम पीसीने. १९८१ च्या सीजीए कार्डाला सोळा रंग होते : आठ मूळचे आणि त्यांचेच आठ उजळ. १९८३ च्या एमएस-डॉस २.० मध्ये हे संकेत समजणारा ड्रायव्हर आला. पण पुढे एनटी घराण्यातल्या विंडोजच्या कन्सोलने संकेतांचा हा मार्ग सोडला आणि रंगासाठी वेगळी फंक्शन्स दिली. त्यामुळे वीसेक वर्षे लिनक्सवर रंगीत दिसणारा प्रोग्राम विंडोजवर चौकोनी कंस आणि आकडे ओकत असे. पायथनमधली ‘कलरामा’ ही लायब्ररी लोकप्रिय झाली ती हे संकेत अडवून विंडोजच्या फंक्शन्समध्ये बदलून देत असल्यामुळे. विंडोज १० च्या काळात मायक्रोसॉफ्टने संकेत पुन्हा स्वीकारले, २०१९ मध्ये विंडोज टर्मिनलची घोषणा केली, आणि ही मोठी फूट सांधली गेली.

एस्केप, कंस, आकडा, एम

संकेताची रचना साधी आहे. आधी एस्केप हे अदृश्य अक्षर, ज्याचा क्रमांक २७. मग उघडणारा चौकोनी कंस. मग अर्धविरामाने वेगळे केलेले आकडे, आणि शेवटी लहान एम हे रोमन अक्षर. आकडा १ ठळक, ३ तिरके, ४ अधोरेखित, ७ उलटे. ३० ते ३७ हे अक्षराचे आठ रंग : काळा, लाल, हिरवा, पिवळा, निळा, मॅजेंटा, सायन, पांढरा. ४० ते ४७ हेच रंग पार्श्वभूमीचे. ९० पासून उजळ रंग, जे मानकात नव्हते, वापरातून रूढ झाले. शून्य म्हणजे सगळे पूर्ववत.

हे शून्य विसरले की काय होते, ते प्रत्येक नवशिक्याने पाहिलेले असते. प्रोग्राम संपतो आणि शेलचा प्रॉम्प्टही लालच राहतो. पार्श्वभूमीच्या रंगाचा गोंधळ त्याहून फसवा. ओळ पडद्याच्या तळाशी असताना नवी ओळ सुरू केली की अनेक टर्मिनले वर सरकताना रिकामी झालेली अख्खी ओळ चालू पार्श्वरंगाने भरतात. म्हणून नव्या ओळीच्या खुणेआधी शैली पूर्ववत करावी, असे जाणकार सांगतात.

मानक असूनही सगळे आकडे एकमताचे नाहीत. २१ चे उदाहरण घ्या. एक्मा मानकानुसार त्याचा अर्थ दुहेरी अधोरेखन, पण लिनक्सचा कन्सोल ४.१७ या आवृत्तीपर्यंत तो ‘ठळकपणा काढा’ असा घेत होता. ठळकपणा काढायचा खात्रीचा आकडा २२. आकडा १ चाही असाच घोळ आहे. आठच रंगांच्या काळात ठळक म्हणजे उजळ, अशी सांगड बसली. आजही कुठे त्याने अक्षर जाड होते, कुठे उजळ होते, कुठे दोन्ही होते, आणि अनेक टर्मिनलांनी हा निर्णय वापरणाऱ्यावर सोपवणारा पर्याय सेटिंगमध्ये दिला आहे.

कोष की थेट कोड

संकेत कसे पाठवायचे, हा पहिला आणि सर्वांत जुना वाद आहे.

एक पक्ष म्हणतो, कोषाला विचारा. ‘टर्म’ नावाच्या चलात टर्मिनल आपली ओळख सांगते. त्यावरून टर्मइन्फोतली नोंद वाचायची आणि तिथे लिहिलेलेच पाठवायचे. एनकर्सेस लायब्ररी हेच करते. तिचे आणि एक्सटर्म या टर्मिनलचे दीर्घकाळचे सांभाळकर्ते थॉमस डिकी या बाजूचे ठाम पुरस्कर्ते आहेत. त्यांचा युक्तिवाद असा की टर्मिनले एकसारखी दिसली तरी बारकाव्यांत फरक असतात, आणि गृहीत धरून कोड पाठवणारा प्रोग्राम कुठे ना कुठे फसतोच. शिवाय ‘टर्म’ची किंमत ‘डम्ब’ असेल, म्हणजे टर्मिनलला काहीच समजत नसेल, तर कोषाच्या मार्गाने जाणारा प्रोग्राम आपोआप गप्प बसतो.

दुसरा पक्ष म्हणतो, कोषाचा काळ संपला. आज जवळपास प्रत्येक टर्मिनल व्हीटी१०० आणि एक्सटर्मचीच भाषा बोलते, मग पाच अक्षरे पाठवण्यासाठी कोष कशाला वाचायचा? आणि कोष तरी खरे कुठे सांगतो? अनेक टर्मिनले एक्सटर्म नसताना स्वतःला ‘एक्सटर्म-२५६कलर’ म्हणवून घेतात, कारण ती नोंद सगळीकडे सापडते. जे प्रामाणिकपणे आपले नाव सांगते त्याची फजिती होते. ‘किटी’ हे टर्मिनल स्वतःचे वेगळे नाव सांगते, आणि त्यातून एसएसएचने जुन्या सर्व्हरवर गेले की तिथल्या कोषात ती नोंद नसल्यामुळे प्रोग्राम अडतात. पायथनची ‘रिच’, जावास्क्रिप्टची ‘चॉक’ आणि त्यांच्यासारख्या बहुतेक नव्या लायब्रऱ्यांनी थेट कोडच निवडला आहे.

मला दोन्ही बाजू आपापल्या कामापुरत्या योग्य वाटतात. पडदाभर खिडक्या मांडणारा, कळा वाचणारा, कर्सर हलवणारा प्रोग्राम असेल तर कोषाशिवाय गत्यंतर नाही, कारण टर्मिनलांमधले फरक तिथेच बोचतात. दोन शब्द लाल करायचे असतील तर थेट कोड पुरतो. व्यवहारात हा वाद दुसऱ्या पक्षाच्या बाजूने झुकला आहे, पण तो सुटला असे म्हणता येणार नाही. पुढचे बरेच तिढे कोष सोडल्यामुळेच आले आहेत.

सोळा रंग की पावणेदोन कोटी

मानकाने आठ रंगांना नावे दिली, छटा सांगितल्या नाहीत. त्यामुळे ‘निळा’ म्हणजे काय, हे प्रत्येकाने आपापले ठरवले. लाल, हिरवा, निळा या क्रमाने मापे लिहिली तर जुन्या व्हीजीएचा निळा ०, ०, १७० होता. विंडोजच्या जुन्या कन्सोलचा ०, ०, १२८. एक्सटर्मचा ०, ०, २३८. पिवळ्याची तऱ्हा आणखी गमतीची : एक्सटर्मवर तो खरोखर पिवळा, तर पीसीवर गडद पिवळ्याच्या जागी मुद्दाम तपकिरी केलेला. विंडोजचा तो निळा काळ्यावर वाचता येत नसे, कारण सुलभतेच्या मानकांतल्या सूत्राने त्याचा काळ्याशी विरोधभेद जेमतेम १.३ भरतो आणि वाचनीय मजकुरासाठी किमान ४.५ हवा असतो. मायक्रोसॉफ्टने २०१७ मध्ये पॅलेट बदलून तो ०, ५५, २१८ केला. त्याच सूत्राने हा नवा निळा नव्या पार्श्वभूमीवर सुमारे २.४ वर येतो. म्हणजे सुधारणा झाली, पण गरजेच्या निम्मीच.

पुढे रंग वाढत गेले. १९९९ मध्ये एक्सटर्मला २५६ रंग मिळाले : आधीचे १६, मग प्रत्येक मूळ रंगाच्या सहा पायऱ्यांतून होणारे २१६, आणि करड्याच्या २४ छटा. त्यानंतर आला तथाकथित ट्रूकलर, लाल-हिरव्या-निळ्याच्या प्रत्येकी २५६ पायऱ्या, एकूण १ कोटी ६७ लाख ७७ हजार २१६ रंग. त्याचा संकेत ३८, मग २, मग तीन मापे. मापांच्या मध्ये अर्धविराम की अपूर्णविराम, यावर मानक आणि रूढी यांची फारकत झाली. मूळ मानकाला अपूर्णविराम अभिप्रेत होता, आधी अंमलात आणणाऱ्यांनी अर्धविराम वापरला, आणि आता चांगल्या टर्मिनलांना दोन्ही समजून घ्यावे लागतात. ॲपलच्या मॅकवरचे अंगभूत टर्मिनल या स्पर्धेत बरेच मागे राहिले. त्याला ट्रूकलर मिळाला तो २०२५ च्या टाहो आवृत्तीत.

इथे दोन विचार समोरासमोर येतात. ट्रूकलरचे समर्थक म्हणतात, लेखकाने निवडलेला रंग जसाच्या तसा दिसला पाहिजे. संपादकातल्या वाक्यरचनेच्या रंगछटा, आलेख, उष्णतानकाशे हे सोळा रंगांत होत नाही, आणि प्रत्येक यंत्रावर ‘निळा’ वेगळा असेल तर मांडणीला अर्थ राहत नाही. सोळा रंगांचे समर्थक म्हणतात, नेमकी हीच सोळाची ताकद आहे. सोळा रंग म्हणजे सोळा नावे, आणि त्या नावांना छटा देणे वापरणाऱ्याच्या हाती असते. त्याने गडद पार्श्वभूमी निवडली असेल, फिकट निवडली असेल, डोळ्यांना मानवेल असे पॅलेट लावले असेल. प्रोग्रामने फक्त ‘लाल’ म्हटले तर ती सगळी निवड टिकते, आणि मापे पाठवली की तिच्यावर पाणी पडते.

या दुसऱ्या बाजूलाही एक कच्चा दुवा आहे. इथन शूनओव्हर यांच्या २०११ च्या ‘सोलराइज्ड’ रंगसंगतीने उजळ रंगांच्या आठपैकी बहुतेक जागा करड्या छटांसाठी वापरल्या. ती लावलेल्या टर्मिनलवर ‘उजळ हिरवा’ मागणाऱ्या प्रोग्रामला करडा मिळतो, आणि पार्श्वभूमीशी जवळचा करडा असेल तर शब्दच नाहीसा होतो. म्हणजे नावांवर विश्वास ठेवायचा तर नावांचा अर्थ सगळ्यांनी पाळायला हवा.

माझा कौल साध्या छपाईपुरता सोळांच्या, किंबहुना त्यातल्या पहिल्या आठांतल्या सहांच्या बाजूने आहे. काळा आणि पांढरा सोडून द्यावेत, कारण कोणाच्या ना कोणाच्या पार्श्वभूमीत ते बुडतात. अधिक जोर हवा असेल तर ठळक किंवा उलटे वापरावे. संपूर्ण पडदा आपल्या ताब्यात घेणाऱ्या, अक्षर आणि पार्श्वभूमी दोन्ही स्वतः रंगवणाऱ्या प्रोग्रामांना हा नियम लागू नाही.

रंग कधी बंद ठेवायचा

पाइपमधून पुढच्या प्रोग्रामला दिलेल्या किंवा फाइलमध्ये वळवलेल्या मजकुरात रंगाचे कोड नकोत, यावर सगळ्यांचे एकमत आहे. आउटपुट टर्मिनलकडे चालले आहे की नाही, हे विचारणारे फंक्शन युनिक्समध्ये फार पूर्वीपासून आहे. रस्ट भाषेने २०२३ मध्ये ते आपल्या प्रमाण लायब्ररीत घेतले. जीएनयूच्या एलएस आणि ग्रेप यांनी त्यावर ‘नेहमी, कधीच नाही, आपोआप’ असा तीन पर्यायांचा नमुना घालून दिला. गिटने २०१३ च्या १.८.४ आवृत्तीपासून ‘आपोआप’ हाच मूळ पर्याय केला.

पण ‘आपोआप’ नेहमी बरोबर ठरत नाही. चाचण्या आपोआप चालवणाऱ्या सर्व्हरवर आउटपुट टर्मिनलकडे जात नाही, तरी त्यांची वेबवरची नोंदवही रंग दाखवू शकते. उलट, टर्मिनलवर बसलेल्या एखाद्याला रंग नकोच असतात. यातून वातावरण-चलांची एक अनौपचारिक भाषा जन्माला आली. २०१७ मध्ये ‘नो_कलर’ची कल्पना मांडली गेली : हे चल असले आणि रिकामे नसले, तर त्याची किंमत काहीही असो, प्रोग्रामने स्वतःहून रंग देऊ नये. उलट बाजूने ‘फोर्स_कलर’ आले, बीएसडीच्या परंपरेतून ‘सीएलआयकलर’ आधीच होते. प्रत्येक प्रोग्रामचा वेगळा पर्याय पाठ करण्याऐवजी एका जागी एकदा सांगता यावे, ही त्यामागची इच्छा रास्त होती, आणि शेकडो साधनांनी नो_कलरला मान दिला.

घोटाळा होतो तो दोन्ही चले एकदम असली की. पायथन ३.१३ पासून त्याचे चुकांचे अहवाल रंगीत झाले. तिथे नो_कलरचा शब्द फोर्स_कलरच्या वर चालतो. जावास्क्रिप्ट चालवणाऱ्या नोडमध्ये नेमके उलटे : फोर्स_कलर जिंकते आणि नो_कलरकडे दुर्लक्ष केल्याची सूचना छापली जाते. एकाच यंत्रावर, एकाच शेलमध्ये, तीच दोन चले आणि दोन विरुद्ध निकाल. नो_कलर असताना ठळक आणि अधोरेखित ठेवायचे की तेही काढायचे, यावरही साधनांचे एकमत नाही. मला ते ठेवणे योग्य वाटते, कारण चलाच्या नावात कलर आहे, शैली नाही. पण काढून टाकणाऱ्यांचेही म्हणणे ऐकण्यासारखे आहे : ज्याने नो_कलर लावले, त्याला बहुधा कोडविरहित निखळ मजकूर हवा असतो.

किती रंग चालतात, हे ओळखण्याची गतही अशीच. ट्रूकलर चालतो हे सांगण्यासाठी ‘कलरटर्म’ हे चल रूढ झाले, पण एसएसएच ‘टर्म’ पलीकडे नेते आणि ‘कलरटर्म’ मुद्दाम सांगितल्याशिवाय नेत नाही. त्यामुळे घरच्या यंत्रावर सुंदर दिसणारा प्रोग्राम सर्व्हरवर फिका पडतो.

ज्यांना तो दिसत नाही

या भागात वाद कमी आणि दुर्लक्ष जास्त आहे. उत्तर युरोपीय वंशाच्या पुरुषांत सुमारे ८ टक्के आणि स्त्रियांत सुमारे अर्धा टक्का लोकांना लाल-हिरव्या रंगांच्या भेदात अडचण येते, आणि चाचणी ‘पास’ हिरवी, ‘नापास’ लाल हा तर सगळ्या साधनांचा रिवाज. वेबसाठीच्या सुलभता मानकात स्पष्ट नियम आहे की कोणतीही माहिती केवळ रंगाने देऊ नये. टर्मिनललाही तेच तत्त्व लागू पडते. लाल रंगासोबत ‘चूक’ हा शब्द किंवा फुलीचे चिन्ह असले की प्रश्न मिटतो, आणि त्याच मजकुराचा रंग फाइलमध्ये हरवला तरी अर्थ हरवत नाही.

दुसरा दुर्लक्षित वर्ग म्हणजे पांढऱ्या पार्श्वभूमीवर काम करणारे. एक्सटर्मचा पिवळा पांढऱ्यावर ठेवला तर विरोधभेद सुमारे १.७ येतो. इशारे पिवळ्यात देण्याची पद्धत सार्वत्रिक आहे, म्हणजे या लोकांना नेमके इशारेच दिसत नाहीत. टर्मिनलला त्याची पार्श्वभूमी विचारण्याचा एक संकेत आहे, आणि बरीच टर्मिनले त्याला उत्तर देतात. पण उत्तर कीबोर्डच्याच वाटेने येते, त्यासाठी थांबावे लागते, आणि उत्तर न देणाऱ्या टर्मिनलसमोर किती थांबायचे हे ठरवावे लागते. साध्या छपाईच्या प्रोग्रामसाठी हा खटाटोप क्वचितच कोणी करतो.

रंगाच्या वाटेने आलेले धोके

मजकूर आणि आज्ञा एकाच प्रवाहातून जातात, म्हणून परक्या मजकुरात दडवलेली आज्ञाही टर्मिनल निमूट पाळते. एच. डी. मूर यांनी २००३ मध्ये अनेक टर्मिनलांतले असे दोष एकत्र मांडले होते. खिडकीचे शीर्षक बदलायचे आणि मग टर्मिनलला तेच शीर्षक परत सांगायला लावायचे, की ते शेलमध्ये टंकल्यासारखे उमटते, हा त्यातला नमुनेदार प्रकार. टर्मिनलांनी अशा बऱ्याच वाटा बंद केल्या आहेत. तरी फाइलची नावे, नोंदवह्या, दुसऱ्याने लिहिलेले कमिट-संदेश छापणाऱ्या प्रोग्रामने त्यातली एस्केप अक्षरे आधी निकामी करावीत, हा नियम आजही तितकाच खरा आहे.

दुसरा धोका लायब्रऱ्यांचा. जानेवारी २०२२ मध्ये ‘कलर्स’ या जावास्क्रिप्ट लायब्ररीच्या लेखकाने स्वतःच तिच्यात न संपणारा लूप घातला आणि तिच्यावर उभे असलेले असंख्य प्रोग्राम एका दिवसात कोलमडले. सप्टेंबर २०२५ मध्ये चॉकसह अठरा पॅकेजेसमध्ये, सांभाळकर्त्याचे खाते फसवणुकीने मिळवून, क्रिप्टो-चलन चोरणारा कोड घुसवला गेला. ती पॅकेजेस मिळून आठवड्याला अब्जावधी वेळा उतरवली जातात. एक शब्द लाल करण्यासाठी एवढी मोठी साखळी कशाला, हा प्रश्न त्यानंतर गंभीरपणे विचारला जाऊ लागला. नोडने २०२४ मध्येच शैलीचे फंक्शन अंगभूत दिले होते. लायब्ररीचे समर्थक त्यावर सांगतात की टर्मिनल ओळखणे, नो_कलर पाळणे, रंग कमी असतील तर जवळचा निवडणे, हे सगळे हाताने करणारा दहातला एकच निभावतो. दोघांचेही खरे आहे, आणि भाषेच्या प्रमाण लायब्ररीने हे काम अंगावर घेणे हाच मला त्यातला टिकाऊ मार्ग दिसतो.

मराठी मजकुराचे काय?

इंग्रजी मजकुराला रंग देताना जो त्रास होतो, तो देवनागरीत दुप्पट होतो. लाल रंगातला ‘मराठी’ हा शब्द घ्या. सुरुवातीचा कोड पाच अक्षरांचा, शेवटचा चार अक्षरांचा. शब्दाचे स्वतःचे युनिकोड घटक पाच : म, र, काना, ठ, दुसरी वेलांटी. यूटीएफ-८ मध्ये हे सगळे २४ बाइट, घटक मोजले तर १४, आणि वाचणाऱ्याला दिसतात तीन अक्षरे. तक्त्याचा रकाना दहा घरांचा करायला सांगितले तर प्रोग्राम यातला कोणता आकडा धरेल? रंगाचे कोड लांबीत मोजल्यामुळे रकाने वाकडे होणे, ही इंग्रजीतलीही नेहमीची चूक आहे. पण तिथे कोड वगळले की हिशेब जुळतो.

आपल्याकडे तो मग सुरू होतो. रुंदी मोजण्याची मार्कुस कून यांची फार प्रसिद्ध पद्धत उकार, मात्रा, अनुस्वार यांना शून्य घरे देते, पण काना आणि वेलांट्यांना प्रत्येकी एक घर देते, कारण युनिकोडने त्यांना वेगळ्या गटात ठेवले आहे. त्या हिशेबाने ‘मराठी’ पाच घरांचा. अक्षर हा एकक धरणाऱ्या साधनांच्या मते तीन घरांचा. प्रोग्राम एक मानतो, टर्मिनल दुसरे मानते, आणि उजवीकडची रेघ प्रत्येक ओळीत वेगळ्या जागी येते.

रंग अक्षराच्या मध्येच बदलला तर आणखी वाईट. ‘करी’ या शब्दात ग्रेपने ‘कर’ शोधायला सांगा. जुळलेला भाग ‘कर’ एवढाच, म्हणून रंग संपल्याचा कोड ‘र’ आणि वेलांटी यांच्या मध्ये घुसतो. एकाच अक्षराचे दोन तुकडे होतात. टर्मिनलने ते दोन वेगळे तुकडे म्हणून अक्षरे घडवणाऱ्या इंजिनाकडे दिले, तर एकट्या पडलेल्या वेलांटीखाली ठिपक्यांचे वर्तुळ उमटते. जोडाक्षराच्या मधे कोड आला तर जोडाक्षरच मोडते. शिवाय अनेक टर्मिनले जोडाक्षरे नीट जुळवतच नाहीत, हा मूळ प्रश्न आहेच. टर्मिनल चौकोनी घरांच्या जाळीवर उभे आहे आणि आपली लिपी त्या जाळीत सरळ बसत नाही. मराठी मजकुराचे संग्रह तपासणारे, सॉफ्टवेअरचे मराठीकरण करणारे लोक हे रोज सोसतात आणि शेवटी मजकूर संपादकात उघडून पाहतात. अक्षरसमूह एकक धरून चालणारी काही टर्मिनले पुढे आली आहेत आणि तशी वागणूक मागण्याचा एक संकेतही प्रस्तावित आहे, पण तो सर्वमान्य नाही. तोवर रंग नेहमी पूर्ण शब्दाला द्यावा, शब्दाच्या आत बदलू नये, एवढे पथ्य पाळता येते.

अजून न सुटलेले

टर्मिनलला काय जमते हे खात्रीने विचारण्याचा सर्वमान्य मार्ग आजही नाही. कोष आहे, चले आहेत, थेट चौकशीचे संकेत आहेत, आणि तिघांची उत्तरे नेहमी जुळतातच असे नाही. नो_कलर आणि फोर्स_कलर यांचा मान ठरवणारी कोणतीही संस्था नाही. ज्या मानकावर सगळे उभे आहे, त्या एक्मा-४८ ची शेवटची आवृत्ती १९९१ ची आहे. त्यानंतरचे सगळे, म्हणजे ट्रूकलर, नागमोडी अधोरेखन, अधोरेखनाचा वेगळा रंग, एकाने करायचे आणि बाकीच्यांनी उचलायचे या रीतीने आले. रुंदीचा हिशेब तर लिपीगणिक उघडा आहे.

निर्णय कोणाचा, या प्रश्नावर मी शेवटी वाचणाऱ्याच्या बाजूने उभा आहे. लेखकाने अर्थ सांगावा, छटा वाचणाऱ्याच्या टर्मिनलने द्यावी. तुमच्या प्रोग्रामात रंग असतील तर प्रसिद्ध करण्याआधी तो चार वेळा चालवून पाहा : एकदा पांढऱ्या पार्श्वभूमीवर, एकदा नो_कलर लावून, एकदा आउटपुट फाइलमध्ये वळवून, आणि एकदा मराठी नावे असलेल्या माहितीवर.